तेराव्यानंतरची सोबत

नाशिकच्या रामकुंडावर रोज महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात. कुणाच्या हातात अस्थींचा कलश असतो, कुणी दशक्रियेसाठी आलेलं असतं. रामाने आपल्या वडिलांचं, दशरथाचं श्राद्ध इथे केलं अशी श्रद्धा आहे. कुंडातल्या अस्थिविलय तीर्थात अस्थी विरघळून जातात, असंही पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. पिंडाला कावळा शिवला की काठावरची माणसं सुटकेचा श्वास टाकतात, उरलेले विधी आवरतात आणि परतीच्या गाड्या धरतात.

गेलेल्या माणसासाठी काय करायचं, हे आपल्याकडे नीट ठरलेलं आहे. मागे राहिलेल्यांसाठीही पहिले काही दिवस चांगली व्यवस्था असते. घरात चूल पेटत नाही, तेव्हा शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणून देतात. सोयरे दुखवटा आणतात. नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत दशक्रियेला नदीकाठी प्रवचन होतं, गावची मंडळी श्रद्धांजलीची भाषणं करतात. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्याच्या कसमादे पट्ट्यात गंधमुक्तीला सगळं गणगोत जमतं. या रीतींत शहाणपण आहे. ताज्या दुःखातलं माणूस एकटं पडू नये, त्याच्या पोटात चार घास जावेत, समोर कुणीतरी बसलेलं असावं, याची काळजी त्या घेतात.

तेराव्याचं गोडाचं जेवण झालं की मात्र घर रिकामं होतं. मुलं नोकरीच्या गावी परततात, बहीण सासरी जाते, फोन कमी होतात. नवरा किंवा बायको गेलेल्या माणसाचा खरा कठीण काळ इथून पुढे सुरू होतो. त्या काळात त्याला कोण सोबत करू शकतं? गेल्या साठ-पासष्ट वर्षांतला जगभरचा अनुभव आणि आपल्याच मराठी मुलखातलं सव्वाशे वर्षांचं काम एकाच उत्तराकडे बोट दाखवतं: ज्याने स्वतः जोडीदार गमावला आहे आणि जो सावरत सावरत पुढे आला आहे, असा माणूस.

जोडीदाराबरोबर काय काय जातं

प्रत्येक मृत्यूचं दुःख वेगळं असतं. जोडीदाराच्या मृत्यूने रोजचा दिवसच मोडतो. संसारात दोघांनी न बोलता कामं वाटून घेतलेली असतात. विम्याचा हप्ता, सोसायटीचं कर्ज, द्राक्षबागेच्या फवारणीचं वेळापत्रक एकाच्या डोक्यात असतं. औषधांच्या वेळा, पाहुण्यारावळ्यांची लग्नकार्यं, मुलांच्या मनातलं काय चाललंय हे दुसऱ्याच्या. एक माणूस गेलं की ही अर्धी माहिती त्याच्याबरोबर जाते. अशा वेळी आपण ज्याच्याशी बोललो असतो, नेमका तोच राहिलेला नसतो. म्हणून हे दुःख इतकं एकाकी असतं.

त्याचा भार शरीरावरही येतो. १९६९ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंचावन्न वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत या पुरुषांमधलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होतं, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. पुढे १९९० च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी ‘ताकोत्सुबो’ या विकाराचं वर्णन केलं. तीव्र मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा एक भाग तात्पुरता शिथिल होतो आणि लक्षणं हृदयविकाराच्या झटक्यासारखी दिसतात. झोप उडते, भूक मरते, रक्तदाबाची गोळी घ्यायची राहून जाते. तेव्हा नुकत्याच एकट्या पडलेल्या माणसाच्या जेवणाची आणि औषधांची चौकशी करणं हेही उपचारच आहेत.

मनाचं काय होतं, याबद्दल एक समज फार पसरलेला आहे. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात आणि माणूस एकेक पायरी चढत शेवटी स्वीकारापर्यंत पोचतं, असं सांगितलं जातं. ही मांडणी एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांच्या १९६९ च्या पुस्तकातून आली. ते पुस्तक लिहिलं गेलं होतं स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ती पायऱ्यांची यादी नंतर लावली गेली. प्रत्यक्षात दुःख असं ओळीने चालत नाही.

नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं चित्र अनुभवाच्या जास्त जवळ जातं. त्यांच्या मते शोकातलं माणूस दोन कामांमध्ये ये-जा करत असतं. एक काम गेलेल्या माणसाकडे वळण्याचं: रडणं, आठवणी, फोटो, कपाटातले कपडे. दुसरं काम बदललेल्या आयुष्याकडे वळण्याचं: बँक, शेत, मुलांची शाळा, नवीन सवयी. सकाळी तलाठी कार्यालयात खंबीरपणे बोललेली बाई संध्याकाळी त्याच्या चपला पाहून कोसळते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून कामाला लागते. ती मागे गेलेली नसते. हे येणं-जाणंच सावरण्याची रीत आहे. गेलेल्या माणसाला विसरलं म्हणजेच सावरलं, हा आग्रहही अभ्यासकांनी सोडला आहे. त्याच्याशी मनातलं नातं ठेवून, त्याचा सल्ला मनात विचारत, माणसं चांगली जगतात.

आपले लोक असताना परकं माणूस कशाला

घरात मुलं आहेत, सुना आहेत, भाऊ आहेत. मग बाहेरच्या गटात जाऊन का बोलायचं, असा प्रश्न मराठी घरात हमखास येतो. त्याचं उत्तर असं की घरातली माणसंही त्याच दुःखात असतात. आई रडली की मुलगा कोलमडतो, म्हणून आई रडत नाही. मुलगा आईसमोर बाबांचं नाव काढत नाही. दोघंही एकमेकांना जपतात आणि दोघंही एकटे राहतात.

बाहेरच्या सुहृदांचं वेगळंच. त्यांना काय बोलावं ते सुचत नाही, मग ठरलेली वाक्यं येतात. ‘आता सावर.’ ‘मुलांकडे बघून जगायचं.’ ‘सुटले बिचारे, फार हाल नाही झाले.’ ‘देवाच्या मनात असेल ते.’ बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण या प्रत्येक वाक्यात बोलणं आवरतं घेण्याची घाई असते. सहा महिने झाले की ‘अजून तेच?’ असा सूर लागतो.

ज्याने हे भोगलंय ते माणूस तीन गोष्टी देऊ शकतं, आणि त्या दुसऱ्या कुणाकडून मिळणं अवघड असतं. पहिली गोष्ट दिलासा. रात्री दोन वाजता त्याच्या खोकण्याचा आवाज आल्यासारखा वाटला, बाजारात त्याच्यासारखी पाठ पाहून मागे धावले, त्याचाच भयंकर राग आला, आजारपण संपल्यावर सुटल्यासारखं वाटलं आणि मग त्याची लाज वाटली: हे डॉक्टरला सांगायला माणूस बिचकतं, घरात सांगायला घाबरतं. समोरची बाई ‘मलाही असंच होत होतं’ म्हणाली, की आपल्याला वेड लागत नाहीये हे कळतं. दुसरी गोष्ट व्यवहाराची वाट. तिसरी गोष्ट पुरावा. तीन वर्षांपूर्वी नवरा गेलेली बाई समोर बसून हसू शकते, लेकीच्या लग्नाबद्दल बोलू शकते, हे पाहणं कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त पटतं.

व्यवहाराच्या वाटेवर थोडं थांबायला हवं, कारण दुःखाच्या पहिल्या वर्षात कागदपत्रंच माणसाला सर्वांत जास्त दमवतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दाखल्याच्या भरपूर प्रती आधीच काढून ठेवाव्या लागतात, कारण बँक, विमा, पेन्शन, गॅस, वीज, प्रत्येक ठिकाणी एक लागते. बँकेत नॉमिनी म्हणून नाव असलं तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसा वारसांचाच असतो. हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या संपत्तीत पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा सारखा हिस्सा असतो. वारसाने एकदा मिळालेला हिस्सा पत्नीने पुढे पुनर्विवाह केला म्हणून जात नाही. सातबाऱ्यावर वारसनोंद वेळेत झाली नाही, तर पीककर्ज आणि अनुदान दोन्ही अडतात. हे सगळं वकील सांगतोच. पण कुठल्या खिडकीवर आधी जायचं, दिराने कोरा कागद पुढे केला तर काय म्हणायचं, सही करण्याआधी कुणाला दाखवायचं, हे त्या वाटेने गेलेली बाईच सांगते. आणि ती बरोबर येते.

बॉस्टनच्या पाच जणी

या साध्या गोष्टीला पद्धतशीर कामाचं रूप दिलं ते अमेरिकेत फिलिस सिल्व्हरमन यांनी. हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयात काम करताना, नव्याने विधवा झालेल्या स्त्रियांना कोणाची मदत होते, याचा त्या शोध घेत होत्या. धर्मगुरू, डॉक्टर, समाजसेवक यांच्यापेक्षा दुसऱ्या विधवेचा आधार जास्त वाटतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९६७ मध्ये बॉस्टनच्या एका वस्तीत त्यांनी प्रयोग सुरू केला. पाच विधवा स्त्रिया मदतनीस म्हणून निवडल्या. त्या मानसतज्ज्ञ नव्हत्या. त्याच वस्तीत राहणाऱ्या, स्वतःच्या दुःखातून बाहेर आलेल्या सामान्य बायका होत्या.

या प्रयोगातली दोन पथ्यं मला फार महत्त्वाची वाटतात. एक म्हणजे मदत मागायला येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. त्या स्वतः पत्र पाठवून, फोन करून, घरी जाऊन भेटल्या. शोकातलं माणूस स्वतःहून दार ठोठावत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. दुसरं म्हणजे त्या अंत्यसंस्काराच्या गर्दीत गेल्या नाहीत. काही आठवडे जाऊ दिले. सुरुवातीची बधिरता उतरते, पाहुणे गेलेले असतात, तेव्हा त्या पोचल्या. सिल्व्हरमन यांनी या कामावर पुढे ‘विडो टू विडो’ हे पुस्तक लिहिलं आणि अमेरिकेत ठिकठिकाणी असे उपक्रम उभे राहिले.

इंग्लंडमध्ये त्याआधीच, १९५९ साली, मार्गारेट टॉरी यांनी विधवांसाठी ‘क्रूझ’ ही संस्था सुरू केली होती. तिचं काम पुढे विधुरांपर्यंत आणि मग कुणाही शोकग्रस्तापर्यंत वाढत गेलं.

याचा उपयोग खरंच होतो का, हे तपासणारा एक महत्त्वाचा अभ्यास १९८० मध्ये कॅनडातून आला. टोरांटोमध्ये मेरी व्हॅशॉन आणि सहकाऱ्यांनी १६२ विधवांना दोन वर्षं पाहिलं. काहींना दुसऱ्या विधवेची सोबत दिली, बाकीच्यांना नाही. सावरण्याचा मार्ग दोन्ही गटांत साधारण सारखाच होता, पण सोबत मिळालेल्या स्त्रिया तो लवकर चालून गेल्या. सुरुवातीला ज्यांना फार त्रास होत होता, त्यांना जास्त फायदा झाला. म्हणजे समदुःखी माणूस दुःख नाहीसं करत नाही. वाट मात्र कमी खडतर करतं. इतकंही पुरेसं आहे.

रमाबाई, बाया आणि पार्वतीबाई

मराठी वाचकाला हे सगळं परदेशातलं वाटायला नको. नाशिकशी जोडलेली एक थोर कथा आपल्याकडे आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण नाशिकच्या हायस्कुलात केलं. ते रानड्यांनीच लिहून दिलं होतं. नवऱ्याचा हात धरून सार्वजनिक जीवनात आलेल्या या बाईला १९०१ च्या जानेवारीत वैधव्य आलं, तेव्हा तिचं वय अडतीस होतं. वर्षभर त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतलं. मग त्या हळूहळू बाहेर पडल्या, तुरुंगातल्या स्त्रियांना भेटू लागल्या. १९०८ मध्ये मुंबईत आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथे विधवांना आणि इतर स्त्रियांना शिक्षण मिळालं, परिचारिकेचं प्रशिक्षण मिळालं, राहायला जागा मिळाली. जिने स्वतः ते वर्ष काढलं होतं, तिच्या आधाराने शेकडो बायका आपापली वर्षं काढू शकल्या.

पुण्याजवळच्या हिंगण्याच्या आश्रमाची कथाही अशीच. पंडिता रमाबाई स्वतः विधवा होत्या. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढलं. तिथे शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विवाह केला. त्याच पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला गेला. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले तरुणपणीच विधवा झाल्या होत्या. त्यांनी पुनर्विवाह केला नाही. आश्रमाच्या कामात आयुष्य घातलं, गावोगाव फिरून निधी जमवला, त्यासाठी अमेरिकेपर्यंत गेल्या आणि ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र लिहिलं. एक बहीण पुन्हा संसारात पडली, दुसरी नाही. दोघींनीही आपलं बळ विधवांसाठी वापरलं. जोडीदार गेल्यावर पुढचं आयुष्य कसं जगायचं याची एकच बरोबर रीत नसते, हे या दोन बहिणींनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं.

जिथे सोबत हवी तिथेच दार बंद

एवढा वारसा असूनही एका ठिकाणी आपली रीत उलटी वागते. बायकांच्या भेटीगाठी, सल्लामसलत, मन मोकळं करणं यासाठी हळदीकुंकू, डोहाळजेवण, मंगळागौर, बारसं अशी किती तरी निमित्तं आपण तयार केली. नवरा गेला की नेमक्या याच ठिकाणांहून बाई वजा होते. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या गोष्टी तिला पहिल्याच दिवशी जखम करतात; पुढे वर्षानुवर्षं तिला बायकांच्या घोळक्यापासून दूर ठेवलं जातं. ज्या वेळी सोबतीची सर्वांत जास्त गरज, त्याच वेळी सोबत काढून घेतली जाते.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद करण्याचा निर्णय घेतला. १७ मे २०२२ रोजी राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवण्याचं आवाहन केलं. नंतर अनेक गावांनी तसे ठराव केले. नाशिक जिल्ह्यातली गावंही त्यात होती. ठरावाने दार उघडतं. आत बोलावणारं, शेजारी बसवून घेणारं माणूस मात्र गावातूनच पुढे यावं लागतं. संक्रांतीला विधवा मैत्रिणीला आधी वाण देणारी प्रत्येक बाई हे काम करत असते.

एकत्र येण्यातून काय घडतं याचं मोठं उदाहरण विदर्भातलं आहे. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेलं ‘तेरवं’ हे नाटक शेतकरी आत्महत्यांच्या घरातल्या स्त्रियांनी स्वतः रंगमंचावर उभं केलं. आपलीच कहाणी इतर बायकांबरोबर मोठ्याने सांगणं, तीही लोकांसमोर, हा त्यांच्यासाठी किती मोठा पल्ला असेल! त्यातल्या वैशाली येडे यांच्या हस्ते ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन झालं, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने त्यांचं भाषण ऐकलं.

अशा स्त्रियांच्या हक्काच्या प्रश्नांवर महिला किसान अधिकार मंचाने विदर्भ-मराठवाड्यात काम केलं. त्यांनी २०१८ मध्ये ५०५ स्त्रियांची पाहणी केली. त्या कसत असलेल्या जमिनीवर सुमारे ४० टक्के स्त्रियांना तेव्हाही हक्क मिळालेला नव्हता. मराठवाड्यात कोरो इंडिया या संस्थेच्या पुढाकाराने एकल महिला संघटना उभी राहिली. एकटी बाई कार्यालयात गेली की तिला ‘उद्या या’ म्हणतात. दहा जणी गेल्या की त्याच दिवशी अर्ज स्वीकारला जातो. भावनिक आधार आणि हक्काची लढाई हे इथे वेगळे विषय राहत नाहीत.

कोरोनाने दिलेला धडा

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि २२ रुग्णांचा मृत्यू झाला. ती आठवण शहराच्या मनात अजून ओली आहे. त्या दोन वर्षांत कोरोनाने किती तरी तरुण घरांतला कर्ता माणूस नेला. शेवटचं तोंड पाहता आलं नाही, अंत्यसंस्काराला चार माणसं जमली नाहीत, भेटायला कुणी आलं नाही. तेरा दिवसांची जी सोबत आपण गृहीत धरतो, तीही या घरांना मिळाली नाही.

तेव्हा सामाजिक कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने राज्यातल्या अनेक संस्था आणि कार्यकर्ते कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीत एकत्र आले. गावागावांतून विधवा झालेल्या स्त्रियांची माहिती गोळा झाली, अर्ज भरून घेतले गेले, सासरच्या जाचाविरुद्ध आवाज उठवला गेला. सरकारनेही मिशन वात्सल्य सुरू करून योजना तालुक्याच्या पातळीवर एकत्र आणल्या. मदतीच्या निमित्ताने भरलेल्या मेळाव्यांत समान दुःखाच्या बायका एकमेकींना पहिल्यांदा भेटल्या. योजनांचे पैसे येतात आणि संपतात. तिथे जुळलेली ओळख पुढच्या अडचणीतही कामाला येते.

पुरुष आणि न मोजलेले

२०११ च्या जनगणनेनुसार देशात चार कोटींहून जास्त विधवा आहेत आणि विधुरांची संख्या त्यांच्या एक तृतीयांशाहून कमी आहे. स्त्रिया जास्त जगतात, नवऱ्यापेक्षा वयाने लहान असतात, आणि पुरुषांचा पुनर्विवाह सहज होतो, ही त्याची कारणं. म्हणून चर्चा विधवांची होते आणि ते योग्यही आहे, कारण समाजाचा जाच त्यांच्याच वाट्याला येतो. पण विधुराचं दुःख नजरेआड होतं. अनेक घरांत नाती सांभाळण्याचं काम बायको करते. ती गेली की मुलांशी, मेहुण्यांशी, शेजाऱ्यांशी असलेला धागाच तुटतो. पुरुषाला रडण्याची सवय नसते, स्वयंपाक येत नसतो, आणि ‘कसं चाललंय’ या प्रश्नावर ‘ठीक’ याशिवाय उत्तर देता येत नाही.

पुरुषांना गोल करून बसवून ‘मनातलं बोला’ म्हटलं तर ते उठून जातात. काहीतरी करता करता ते बोलतात. नाशिकमध्ये गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी फिरायला येणारे गट आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रं आहेत. एकत्र फिरणं, वरण-भाताचा कुकर लावायला शिकणं, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी चहा: विधुरांच्या आधाराची सुरुवात अशी होऊ शकते. उतारवयात पुन्हा जोडीदार हवासा वाटला तर त्यातही लाजण्यासारखं काही नाही. पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांच्या सहजीवनासाठी मंडळ सुरू केलं, त्यालाही आता दहा वर्षांहून जास्त काळ लोटला.

आणखी काही माणसं कुठल्याच मोजणीत येत नाहीत. लग्न न करता एकत्र राहणारे, समलिंगी जोडीदार, घटस्फोट झाला तरी मनाने बांधलेले, लग्न ठरलेलं असताना जोडीदार गमावलेले. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाकडे लक्ष वेधलं, ज्याला समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही. या माणसांना दशक्रियेतही जागा नसते. गटाचं दार त्यांनाही उघडं हवं. आत्महत्येने जोडीदार गमावलेल्यांच्या मनात अपराधाची बोचणी आणि लोकांच्या प्रश्नांची भीती फार असते. त्यांना शक्य तिथे त्यांच्यासारख्यांचीच वेगळी बैठक मिळाली तर बोलणं सोपं जातं.

गट चालवायचा कसा

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रामुळे ‘स्वमदत गट’ हा शब्द आपल्याला परिचित आहे. शोकग्रस्तांचा गटही त्याच धर्तीवर चालतो. आठ ते बारा माणसं, पंधरा दिवसांतून किंवा महिन्यातून एकदा, ठरलेली जागा, ठरलेली वेळ, साधारण दीड तास. मधोमध टेबल नको, कुणी व्यासपीठावर नको. गट चालवणाऱ्याने स्वतः जोडीदार गमावलेला असावा आणि त्याला निदान वर्ष-दोन वर्षं उलटलेली असावीत. ज्याची जखम अजून ताजी आहे, त्याने दुसऱ्याचा भार घ्यायला निघू नये.

नियम थोडे आणि पक्के असावेत. इथे बोललेलं बाहेर जाणार नाही. गावात आणि नात्यागोत्यात हा नियम जिवापाड पाळावा लागतो. प्रत्येकाला बोलायला सारखा वेळ, आणि गप्प बसायचाही हक्क. विचारल्याशिवाय सल्ला नाही. ‘तुझं तरी बरं, माझं तर…’ अशी दुःखाची तुलना नाही. विमा, जमीन, औषध, बाबा-बुवा यांची विक्री गटात चालणार नाही, कारण एकटं पडलेलं माणूस फसवणाऱ्यांना लगेच दिसतं. जात, धर्म, पक्ष दाराबाहेर. सण, लग्नाचा वाढदिवस आणि वर्षश्राद्ध या तारखा गटाने लिहून ठेवाव्यात आणि त्या दिवशी एक फोन जाईल हे पाहावं.

गट म्हणजे उपचार नव्हेत, हेही स्पष्ट असलं पाहिजे. बहुतेक माणसं आप्तांच्या आणि समदुःखींच्या आधाराने सावरतात. काहींचं दुःख मात्र घट्ट धरून राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजार-वर्गीकरणात दीर्घकाळ टिकणाऱ्या तीव्र शोकाची स्वतंत्र नोंद आहे. सहा महिन्यांनंतरही रोजचं जगणं ठप्प असेल, तर तज्ज्ञाला दाखवावं. मरणाच्या गोष्टी, अन्न सोडणं, दारूत बुडणं, मुलांकडे पूर्ण दुर्लक्ष दिसलं तर एक दिवसही थांबू नये. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. प्रत्येक गटाने जवळच्या एका मानसोपचारतज्ज्ञाशी आणि एका वकिलाशी आधीच बोलून ठेवावं.

सुरुवात आपल्या गल्लीतून

नाशिकला यासाठी नवीन इमारत लागत नाही. वाचनालयाची एक खोली, विरंगुळा केंद्राचा दुपारचा वेळ, बचतगटाची नेहमीची जागा पुरेशी आहे. निरोप पोचवायच्या जागाही ठरलेल्या आहेत: अमरधाम, महापालिकेचं जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय, गावातल्या आशाताई, आणि दशक्रिया करणारे तीर्थोपाध्याय. दाखला देताना किंवा विधी संपवताना ‘अशा गटाचा हा पत्ता’ एवढी एक चिठ्ठी हातात दिली, तरी माणूस ती जपून ठेवतं. पुढे कधीतरी ती उघडतं.

नवरा किंवा बायको जाऊन तुम्हाला दोन-तीन वर्षं झाली असतील आणि तुम्ही हे वाचत असाल, तर गट उभा राहायची वाट पाहू नका. आपल्या गल्लीत, सोसायटीत, वाडीवर अलीकडे कुणाचा जोडीदार गेला आहे ते आठवा. महिना-दीड महिना झाला असेल तर जा. उपदेश घेऊन जाऊ नका. डबा घेऊन जा, आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला, कारण त्या घरात आता ते नाव कुणी मोठ्याने घेत नाही. रडू आलं तर येऊ द्या. उठताना पुढच्या भेटीचा वार सांगा आणि त्या वारी खरंच जा. अशा दोन भेटींनंतर तिसऱ्या घरी तुम्ही दोघं मिळून जाल. गट तिथेच सुरू झालेला असेल.